सोनामुखीच्या प्रमाणित गोळ्या : पानापासून मिलिग्रॅमपर्यंत

एका शस्त्रक्रियेनंतर मला काही दिवस अफूवर्गातील वेदनाशामक औषध घ्यावे लागले आणि त्या औषधाबरोबर हमखास येणारी बद्धकोष्ठता माझ्याही वाट्याला आली. डॉक्टरांनी रात्री झोपताना सोनामुखीच्या प्रमाणित अर्काच्या, म्हणजे कार्यकारी द्रव्याचे प्रमाण ठरवून मोजलेल्या अर्काच्या, गोळ्या घेण्यास सांगितले. वनौषधींची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे कोणतीही गोळी घेण्याआधी खोका, स्ट्रिप आणि आतले माहितीपत्रक अक्षर न अक्षर वाचण्याची सवय हाताला लागून गेली आहे. या गोळ्यांविषयी लिहावेसे वाटले ते त्यांचा गुण आला एवढ्यासाठीच नाही. घरात आधीपासून सोनामुखीच्या चूर्णाचे एक पाकीट आणि ‘१०:१ अर्क’ असे मोठ्या अक्षरांत छापलेली कॅप्सूलची एक बाटली पडून होती. एकाच वनस्पतीची तीन उत्पादने शेजारी ठेवल्यावर वनौषधीचे उत्पादन म्हणजे नेमके काय, हे जितके स्पष्ट दिसले तितके ते क्वचितच दिसते. तिन्ही उत्पादकांची नावे मी मुद्दाम देत नाही. ज्या कसोट्या लावल्या आहेत त्या कोणत्याही खोक्याला लावता येतील.

गोळीच्या खोक्यावरचा मजकूर असा आहे : सेना अलेक्झांड्रिना, पान, कोरडा अर्क, प्रत्येक गोळीत सेनोसाइड बी म्हणून मोजलेली हायड्रॉक्सिअँथ्रासीन ग्लायकोसाइडे १२ मिलिग्रॅम. हा पानातील रेचक, म्हणजे पोट साफ करणाऱ्या, द्रव्यांचा गट; सेनोसाइडे त्यातलीच. सामान्य ग्राहक ही ओळ वाचत नाही आणि जाहिरातीतही ती कधी येत नाही, तरी माझ्या दृष्टीने सगळे उत्पादन या एका ओळीत आहे. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिचा वापरलेला भाग, त्या भागाचे काय केले आणि त्यातले किती पोटात जाणार, या चारही प्रश्नांची उत्तरे तिच्यात मिळतात. चूर्णाच्या पाकिटावर यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते. तिथे ‘शंभर टक्के नैसर्गिक’ एवढेच लिहिले होते, आणि बॅच क्रमांकाच्या जागी पुसट शिक्का होता.

शास्त्रीय नावाचा आग्रह काहींना पुस्तकी वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. सोनामुखीच्या नावाखाली तरवडाची पाने मिसळण्याचा प्रकार औषधी वनस्पतींच्या व्यापारात जुना आहे. दोन्ही झाडे एकाच कुळातील, वाळलेल्या पर्णिका दिसायला बऱ्याच जवळच्या, परंतु तरवडाच्या पानांत रेचक सेनोसाइडे नसतात. ८० टक्के सल्फ्युरिक आम्लाचा थेंब टाकला की तरवडाचे पान किरमिजी लाल होते आणि भेसळ उघडी पडते. हा रंग मी स्वतः अनेकदा पाहिला आहे. या भेसळीत रुग्णाचे नुकसान एवढेच की गुण येत नाही. नावाच्या गोंधळाने याहून फार मोठे अनर्थ झालेले आहेत. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात स्टीफानिया टेट्रँड्रा या वनस्पतीऐवजी, चिनी व्यापारी नावातील साम्यामुळे, अॅरिस्टोलोकिया फांगची वापरली गेली. तिच्यातील अॅरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली किंवा गंभीरपणे बिघडली, आणि त्यांपैकी अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. त्या प्रकरणाचा पहिला वैद्यकीय अहवाल १९९३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून ज्या पाकिटावर वनस्पतीचे पूर्ण नाव नाही ते पाकीट न उघडता परत करावे, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत आलो आहे.

चूर्णाचा नमुना मी जुन्या सहकाऱ्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी दिला. सोनामुखीच्या पानाची ओळख तिथे पटकन पटते : जाड भिंतीचे, पृष्ठभागावर चामखिळीसारखे बारीक उंचवटे असलेले एकपेशीय केस, प्रत्येक पर्णरंध्राला समांतर असलेल्या दोन साहाय्यक पेशी, आणि शिरांच्या तंतूंना दोन्ही बाजूंनी लगडलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे चौकोनी स्फटिक. ही सगळी लक्षणे चूर्णात सापडली, म्हणजे वनस्पती खरी होती. मात्र देठांचे आणि काड्यांचे तुकडे इतके होते की पाने निवडण्याचे कष्ट कोणी घेतलेले दिसत नव्हते. वजन भरते, औषध भरत नाही. गोळीच्या बाबतीत ही तपासणी आपल्याला करताच येत नाही, कारण अर्क झाल्यावर पेशी उरत नाहीत. म्हणूनच ती कारखान्यात, अर्क काढण्यापूर्वी, कच्च्या मालाच्या प्रत्येक पोत्यावर झाली पाहिजे, आणि ती झाली यावर ग्राहकाला विश्वास ठेवावा लागतो. तो विश्वास कागदावर उतरवून मागता येतो, हे पुढे सांगतो.

सोनामुखीच्या पानातील औषध झाडावर तयार अवस्थेत नसते, ही गोष्ट मला आजही थक्क करते. ताज्या पानात मुख्यतः एकेरी अँथ्रोन ग्लायकोसाइडे असतात. पान साधारण २० ते ५० अंश सेल्सिअसमध्ये सावकाश वाळत असताना पानातील विकरे त्यांच्या जोड्या बांधतात आणि त्यातून दुहेरी रेणू, म्हणजे सेनोसाइडे, बनतात. उष्णता फार वाढली की विकरे निकामी होतात आणि जोड्या बांधण्याचे काम अर्धवट राहते. तेव्हा शेतकऱ्याने सावलीत पातळ थरात पाने पसरली की घाईने भट्टीत टाकली, यावर पुढच्या सगळ्या प्रक्रियेचे नशीब ठरते, आणि मागाहून कितीही महागडे यंत्र आणले तरी वाळवणीतली चूक सुधारता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली औषधी वनस्पतींची लागवड आणि काढणी यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत वाळवणीला इतके महत्त्व का दिले आहे, हे सोनामुखीसारख्या उदाहरणातून लगेच उमगते. प्रक्रियेनेच औषध घडते किंवा बिघडते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अर्थात आर्टेमिसिनिनचे आहे. चिनी संशोधक तू यूयू यांनी आर्टेमिसिया अॅन्युआ ही वनस्पती उकळण्याऐवजी कमी तापमानाला ईथरमध्ये काढली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हिवतापावरील प्रभावी अर्क हाती आला. त्या कामाला २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सेनोसाइड ए आणि बी हे रेणू स्विस रसायनशास्त्रज्ञ आर्थर स्टोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये शुद्ध रूपात वेगळे केले. तोवर सोनामुखी हजारभर वर्षे वापरात होती, पण ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर चिमूट आणि चमचा यांतच होते. ते उत्तर किती अपुरे आहे, हे साध्या गुणाकाराने कळते. यूरोपीय फार्माकोपियाने, म्हणजे औषधांच्या गुणवत्तेच्या अधिकृत मानकग्रंथाने, दीर्घकाळ पानासाठी किमान २.५ टक्के हायड्रॉक्सिअँथ्रासीन ग्लायकोसाइडांचा दंडक ठेवला होता. या किमान प्रमाणाचे २ ग्रॅम चूर्ण, म्हणजे एक लहान चमचा, गिळले तर ५० मिलिग्रॅम सेनोसाइडे पोटात जातात. यूरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ३० मिलिग्रॅम सांगितली आहे. चूर्णाच्या पाकिटावर ‘एक ते दोन चमचे’ अशी सूचना होती. चांगल्या प्रतीच्या पानाचे दोन चमचे घेणाऱ्याला रात्रभर मुरडा आणि सकाळी पाण्यासारखे जुलाब झाले तर त्यात नवल नाही. आणि पान निकृष्ट असेल तर त्याच दोन चमच्यांनी काहीही होणार नाही. आमच्या घरात या चूर्णाचे दोन्ही अनुभव वेगवेगळ्या पाकिटांमधून आले होते आणि आम्ही ते ‘कोठा जड’ आणि ‘कोठा हलका’ यांच्या नावावर टाकले होते. दोष बहुधा कोठ्याचा नव्हता.

गोळीचा अनुभव याच्या अगदी उलट, म्हणजे अंदाज करता येण्याजोगा होता. डॉक्टरांनी पहिल्या रात्री एक आणि गरज वाटल्यास दुसऱ्या रात्रीपासून दोन असे सांगितले होते. एका गोळीने सकाळी थोडा हलकेपणा आला, दोन गोळ्यांनी सुमारे नऊ तासांनी शौचास नीट साफ झाले, आणि पुढच्या चार रात्री हाच क्रम जवळजवळ घड्याळासारखा चालला. पोटात सौम्य मुरडा दोनदा जाणवला. तो अपेक्षितच होता, कारण मोठ्या आतड्याची हालचाल वाढवणे हेच या औषधाचे काम आहे. लघवीचा रंग दोन दिवस गडद पिवळा झाला होता. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख असल्यामुळे मी घाबरलो नाही, पण ज्याने पत्रक वाचले नाही तो नक्की घाबरेल.

या नऊ तासांमागे जे शास्त्र आहे ते मला फार सुंदर वाटते. सेनोसाइडाच्या रेणूला दोन ग्लुकोज जोडलेले असतात आणि त्यांना जोडणारे बंध माणसाच्या जठरात किंवा लहान आतड्यात तुटत नाहीत. त्यामुळे रेणू जवळजवळ तसाच मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो. तिथले जिवाणू ग्लुकोज कापून काढतात, दुहेरी रेणूचे दोन भाग करतात आणि रेइन अँथ्रोन हे खरे कार्यकारी द्रव्य तयार होते. ते आतड्याची हालचाल वाढवते आणि पाणी व क्षार पुन्हा शोषले जाणे कमी करते. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना सेनोसाइडे दिली तर जुलाब होत नाहीत, यावरून जिवाणूंचे स्थान किती मध्यवर्ती आहे हे सिद्ध झाले आहे. गोळी रात्रीच का घ्यायची, तिचा परिणाम सहा ते बारा तासांनी का दिसतो, आणि तासाभरात काही झाले नाही म्हणून आणखी दोन घेणे का चुकीचे आहे, हे सगळे या प्रवासातून कळते. माहितीपत्रकात हे तीन ओळींत लिहिता आले असते. तिथे फक्त ‘रात्री घ्यावे’ एवढेच आहे.

आता कॅप्सूलच्या बाटलीकडे वळतो, कारण तिच्यावरचा ‘१०:१’ हा आकडा अनेकांना गोळीवरच्या १२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रभावी वाटतो. या गुणोत्तराचा अर्थ इतकाच की दहा किलो पानांपासून एक किलो अर्क मिळाला. कोणत्या द्रावकाने काढला, किती तापमानाला, हे कळल्याशिवाय त्या एका किलोत काय आले हे सांगता येत नाही. निव्वळ पाण्याने गोंद, शर्करा आणि क्षार मोठ्या प्रमाणात उतरतात. पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात उतरणारी द्रव्ये वेगळी असतात. आणि द्रावक उडवून लावल्यानंतर भुकटी मोकळी राहावी म्हणून माल्टोडेक्स्ट्रिनसारखा भराव घातला असेल, तर अर्काच्या वजनातला काही भाग मुळात वनस्पतीचा नसतोच. सकस पानांचा ४:१ अर्क निकृष्ट पानांच्या १०:१ अर्कापेक्षा सहज सरस असू शकतो. द्रावक, भराव आणि कार्यकारी द्रव्याचे मिलिग्रॅम यांच्याशिवाय छापलेले गुणोत्तर ग्राहकाला काहीच सांगत नाही, आणि ते ठळक अक्षरांत छापणे ही दिशाभूल आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ती बाटली मी वापरली नाही.

गोळीच्या उत्पादकाला मी तीन प्रश्न लिहून पाठवले : अर्क कोणत्या द्रावकाने काढला, १२ मिलिग्रॅम हा आकडा कोणत्या पद्धतीने मोजला, आणि माझ्या बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र मिळेल का. दुसरा प्रश्न क्षुल्लक नाही. जुन्या पद्धतीत अर्काचे आम्लात विघटन करून, फेरिक क्लोराइडने ऑक्सिडीकरण करून, मॅग्नेशियम अॅसिटेटबरोबर येणाऱ्या लाल रंगाची तीव्रता ५१५ नॅनोमीटरवर मोजतात. या मोजणीत त्या कुळातील सगळी द्रव्ये एकत्र धरली जातात आणि हिशेब सेनोसाइड बीच्या नावाने मांडला जातो. उच्च क्षमतेच्या द्रव क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे मिश्रणातील द्रव्ये वेगळी करून मोजण्याच्या पद्धतीत, सेनोसाइड ए आणि बी स्वतंत्रपणे मोजता येतात. एकाच गोळीसाठी दोन्ही पद्धती वेगवेगळे आकडे देऊ शकतात, म्हणून पद्धत माहीत नसेल तर दोन कंपन्यांच्या गोळ्यांची तुलना करता येत नाही.

उत्तर आठ दिवसांत आले, हे नमूद करण्यासारखे आहे. द्रावक म्हणून पाणी आणि इथेनॉल यांचे मिश्रण, मोजणी द्रव क्रोमॅटोग्राफीने, आणि सोबत माझ्या बॅचचे प्रमाणपत्र. त्यात पातळ थर क्रोमॅटोग्राफीने केलेली ओळख, सेनोसाइडांचे प्रमाण, आर्द्रता, शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक, तसेच सूक्ष्मजीवांची मोजणी होती. शिसे आणि कॅडमियम हे दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने वनस्पतिजन्य कच्च्या मालासाठी सुचवलेल्या अनुक्रमे १० आणि ०.३ मिलिग्रॅम प्रतिकिलो या मर्यादांच्या बरेच खाली होते. समाधान वाटले. परंतु कीटकनाशकांच्या अंशांचा आणि पायरोलिझिडीन अल्कलॉइडांचा त्यात उल्लेख नव्हता. हे अल्कलॉइड सोनामुखीत नसतात. शेतात उगवलेले काही तण कापणीच्या वेळी सोबत कापले गेले की त्यांच्यातून येतात आणि यकृताला घातक ठरतात. पिकात तणाची थोडी झाडे राहिली तरी प्रश्न उभा राहू शकतो, आणि अर्क करताना हे अल्कलॉइड पानांच्या द्रव्यांबरोबर द्रावकात उतरू शकतात. चांगल्या उत्पादकाने ही तपासणी करावी आणि ती केली असल्यास सांगावी, अशी माझी अपेक्षा आहे, आणि या एका उणिवेमुळे मी या उत्पादनाला पूर्ण गुण देत नाही.

दुसरी तक्रार माहितीपत्रकाच्या मांडणीविषयी आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एक आठवड्यापेक्षा जास्त काळ घेऊ नये, बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये, आतड्यात अडथळा, आतड्याचा दाहक आजार किंवा कारण न कळलेली पोटदुखी असेल तर घेऊ नये, या सूचना मागच्या पानावर, गोळीच्या आवरणातील रंगद्रव्यांच्या यादीनंतर येतात. हृदयविकारासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांसाठीची सूचना तर शोधावी लागली. जुलाबांमुळे शरीरातील पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिनची विषबाधा होण्याचा धोका वाढतो; मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी, औषधेही चालू असतील तर पोटॅशियम आणखी घटते. बद्धकोष्ठतेची तक्रार वयस्कर माणसांत जास्त, आणि ही दोन्ही औषधेही त्यांनाच जास्त दिली जातात. ही ओळ पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत हवी. वनस्पतीपासून बनलेले औषध आहे म्हणून इशाऱ्यांचे अक्षर लहान चालते, असा समज उत्पादकाच्याही मनात कुठेतरी असावा, अशी शंका येते आणि वाईट वाटते. कारण ज्याने मिलिग्रॅमपर्यंत इतकी शिस्त पाळली, त्याने शेवटच्या कागदावर ती सोडायला नको होती.

बांधणी मात्र चांगली आहे. सेनोसाइडांना ओलावा मानवत नाही, आणि दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियम असलेल्या स्ट्रिपमध्ये प्रत्येक गोळी स्वतंत्र कप्प्यात बंद असल्यामुळे एक काढताना बाकीच्यांना हवा लागत नाही. चूर्णाचे पाकीट एकदा उघडले की हा प्रश्न रोजचाच होतो. गोळी छोटी, गिळायला सोपी, आवरणामुळे पानाची कडवट चव जिभेला लागत नाही.

ज्यांना डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी सोनामुखी सांगितली आहे, त्यांनी चूर्ण आणि गुणोत्तरवाल्या कॅप्सूल बाजूला ठेवून अशी प्रमाणित गोळी घ्यावी, आणि ती एका गोळीपासून सुरू करावी. ज्यांची तक्रार महिनोन्महिने चालली आहे त्यांच्यासाठी हे उत्पादन नाही. त्यांनी आधी कारण शोधून घ्यावे. वेदनाशामक बंद झाल्यावर माझी गरज सातव्या दिवशी संपली. उत्पादकाला मी दुसरे पत्र पाठवले आहे : तणांतून येणाऱ्या अल्कलॉइडांची तपासणी प्रमाणपत्रात घालावी, खोक्यावर द्रावक आणि मोजणीची पद्धत छापावी, आणि डिगॉक्सिनची ओळ पुढच्या पानावर आणावी. उत्तर आले की ते याच लेखाखाली जोडेन.